जुन्या पिकअपचे शॉकअप बदलायचेत, पण आधीच्या मालकाने खाली काय केलंय ते माहीत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पिकअप २००८ ची. माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. पहिल्याने तिच्यातून विटा-वाळू वाहिली, दुसऱ्याने भाजी. मागच्या शॉकअपमधून (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून) तेल गळत होतं, म्हणून मी आरसीवरचं मॉडेल आणि साल सांगून दुकानातून नवी जोडी आणली आणि बसवली. चौथ्या दिवशी टोमॅटो उतरवून नारायणगावहून रिकामा परतत होतो. एका गतिरोधकावरून मागचं चाक उतरलं आणि खालून मोठा आवाज आला. डाव्या शॉकअपचा खालचा डोळा, म्हणजे बोल्ट जातो ती गोल कडी, मुळातून तुटला होता. शॉकअपमध्ये दोष नव्हता. गाडी मागून मूळच्यापेक्षा जवळपास तीन इंच उंच केलेली होती आणि शॉकअप मात्र कारखान्याच्या मापाचा होता. चाक खाली लटकलं की एक्सलचं सगळं वजन त्या शॉकअपवर येत होतं.

तेव्हापासून ओळखीचे गाडीवाले शॉकअप बदलायच्या आधी माझ्याकडे विचारायला येतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं?

नळीवर नुसता तेलकट धुळीचा थर असेल तर घाबरू नका. चालत्या शॉकअपलाही थोडा ओलावा येतो. पण तेलाचा ओघळ खाली उतरला असेल, हात लावल्यावर बोटं भिजत असतील, तर त्याचं सील गेलं. दांडा वाकलाय का, त्यावर गंजाचे खड्डे पडलेत का, नळीला कुठे पोचा आहे का, हे टॉर्च लावून बघा. खड्डे पडलेला दांडा सील फाडतो. पोचा पडलेल्या नळीत पिस्टन अडकतो.

कारचा बोनेट दाबून सोडतात आणि किती वेळा हलते ते मोजतात, तो प्रयोग पिकअपच्या मागच्या बाजूला फारसा कामाचा नाही. पाटे (एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) इतके कडक असतात की माणसाच्या वजनाने दबतच नाहीत. त्यापेक्षा टायर बघा. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, ते उडत चाललंय. वळणावर खडबडीत रस्ता आला की मागची बाजू बाहेर सरकते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊन पुन्हा वर येतं, ही लक्षणंही त्याच आजाराची.

शॉकअप काढून हातात घेतला की पक्कं कळतं. उभा धरून पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. बहुतेक शॉकअप दाबायला हलका आणि ओढायला जड असतो, तो तसाच बनवलेला असतो. मध्येच एखाद्या ठिकाणी काहीच विरोध न होता दांडा सटकन सरकला तर तो संपला.

गाडी मागून बसलीय. नवे शॉकअप टाकले की उचलेल ना?

नाही. हा गैरसमज फार महागात पडतो. गाडीचं वजन पाटे, कॉइल किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंग एकदा दबली की ती वरखाली होत राहते. ते हेलकावे थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन नळीतून बाहेर पडते. घाट उतरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो म्हणूनच.

गॅसचा शॉकअप आतल्या दाबामुळे गाडी किंचित उचलतो, पण ते मोजण्याइतकं नसतं. गाडी खरोखर बसली असेल तर आधी पाटे बघा. कुठला पाटा तुटलाय का, कमान सपाट झालीय का, ते तपासा. त्याचं काम पाटेवाल्याकडे, शॉकअपच्या दुकानात नाही.

मॉडेल आणि साल सांगून शॉकअप मागवले तर काय बिघडतं?

गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच असेल तर काही बिघडत नाही. पण दहा-पंधरा वर्षं माल वाहिलेली पिकअप क्वचितच तशी राहते. कुणी पाटा वाढवतो, कुणी पाट्याखाली ठोकळा घालतो, कुणी मोठे टायर चढवतो. आरसीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. दुकानदाराच्या पुस्तकात कारखान्याचं माप असतं आणि त्यात त्याची चूक काही नाही. तुमच्या गाडीचं आजचं माप फक्त तुमच्या गाडीखाली सापडतं. ते घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधीच्या मालकाने काय बदललंय ते शोधायचं कसं?

गाडी रिकामी करा, सपाट जमिनीवर उभी करा आणि खालचा चिखल पाण्याने नीट धुऊन टाका. चिखलाखाली निम्म्या गोष्टी लपलेल्या असतात. मग टॉर्च घेऊन आडवे व्हा. घाई करू नका. माझा यात पूर्ण एक रविवार गेला आणि तो सगळ्यात कामी आलेला रविवार होता.

पहिल्यांदा पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे. डावीकडे सात आणि उजवीकडे आठ असं मी स्वतः पाहिलंय. डाव्या बाजूचा कुठला तरी पाटा तुटला, तो काढून टाकला आणि नवा घातलाच नाही. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड, वेगळ्या रंगाचा किंवा कमी गंजलेला दिसला तर तो नंतर घातलेला. मूळ पाट्यांची टोकं बहुधा एकसारखी कापलेली असतात. वाढवलेल्याचं टोक अनेकदा चौकोनी, गॅसने कापल्यासारखं दिसतं. पाटे बांधणाऱ्या क्लिपा बघा. गठ्ठा जाड झाला की त्या ताणून बसवाव्या लागतात, किंवा मोडतात आणि तारेने बांधलेल्या असतात.

नंतर यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट. नटाच्या खाली आटे किती उरलेत? दोन-तीन बोटं आटे लोंबत असतील आणि बोल्ट नवे असतील तर कुणीतरी मूळचे काढून लांब घातलेत. लांब बोल्ट लागतात ते गठ्ठा जाड झाला किंवा मध्ये ठोकळा आला तेव्हाच. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी किंवा ओतीव ठोकळा आहे का ते बघा. एकावर एक असे दोन ठोकळे दिसले तर ती गाडी तशी चालवूच नका. ब्रेक मारताना एक्सल पिळवटतो आणि ते ठोकळे निसटू शकतात.

मागच्या शॅकलची (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याची) लांबी दोन्ही बाजूंना टेपने मोजा. वेल्डिंग करून वाढवलेली शॅकल असेल तर ती टाकून द्या, त्यावर चर्चा नको.

मग शॉकअपचे ब्रॅकेट. चेसीवरचा वरचा कंस कारखान्याचा आहे की नंतर वेल्डिंगने चिकटवलाय? कारखान्याचं वेल्डिंग सरळ, एकसारखं असतं. रस्त्याकडेच्या वेल्डिंगचे गोळे दिसतात, आजूबाजूचा रंग जळालेला असतो. ब्रॅकेट सरकवलेला असेल तर शॉकअपचा कोन बदललेला असतो आणि कारखान्याचं माप तिथे अजिबात लागू पडत नाही. ब्रॅकेटच्या मुळाशी केसाएवढी भेग आहे का तेही बघा. तिथे गंजाची बारीक लाल रेघ दिसते.

शेवटी टायर. टायरवर लिहिलेलं माप आणि दाराजवळच्या किंवा पुस्तकातल्या माहितीतलं माप जुळतंय का? मोठ्या टायरमुळे गाडी उंच दिसते, पण त्याचा शॉकअपच्या लांबीशी संबंध नाही. कारण टायर एक्सलच्या खाली वाढतो आणि शॉकअप एक्सल ते चेसी एवढंच अंतर बघतो. कितीतरी जण इथे फसतात आणि उगाच लांब शॉकअप आणतात.

पुढच्या बाजूला काय बघायचं?

पुढे पाटे असतील तर वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू. फक्त एक फरक लक्षात ठेवा: पुढच्या एक्सलवर पाट्याखाली उंची वाढवायचा ठोकळा कधीच नसावा. दिसला तर काढा. स्टिअरिंग आणि ब्रेकचा सगळा पीळ तिथे येतो.

टॉर्शन बारची गाडी असेल तर मागे बारच्या टोकाला उंची कमी-जास्त करायचा बोल्ट असतो. तो फार आत पिळलेला असेल तर कुणीतरी गाडी पुढून उचललीय. बार पिळून गाडी वर येते, पण चाक खाली जायला जागा उरत नाही. चाक धरणारा वरचा हात त्याच्या रबरावर कायम टेकलेला राहतो. मग प्रत्येक खड्ड्यात टक्-टक् आवाज येतो आणि मालक शॉकअपला दोष देत बसतो. बोल्ट परत मूळ उंचीवर आणा, अलाइनमेंट करा आणि मगच शॉकअपचं माप घ्या.

कॉइल असेल तर तिच्या वर किंवा खाली जाड रबराची किंवा ॲल्युमिनियमची चकती घातलीय का ते बघा. कॉइलच्या वेटोळ्यांमध्ये रबरी तुकडे कोंबलेले असतील तर ते काढून टाका.

वाढवलेले पाटे ठेवू की काढू?

तुम्ही आज काय वाहता त्यावर ठरवा, आधीचा मालक काय वाहत होता त्यावर नाही. माझ्या गाडीत विटांसाठी दोन पाटे वाढवलेले होते. मी वाहतो टोमॅटोचे क्रेट आणि हंगामात द्राक्षं. विटांना धक्क्याचं काही वाटत नाही. द्राक्षाचे मणी देठापासून सुटतात, टोमॅटोला आतून मार लागतो, आणि हा मार वाडीत दिसत नाही, बाजारात पाटी उघडल्यावर दिसतो. मी दोन्ही पाटे काढले आणि पाटेवाल्याकडून मूळ गठ्ठ्याला कमान मारून घेतली. माल तेवढाच भरतो. पहिल्याच हंगामात फरक जाणवला.

तुम्ही रोज गाडीच्या मर्यादेपर्यंत जड माल वाहत असाल आणि पाटे नीट घातलेले असतील, दोन्ही बाजूंना सारखे, क्लिपांसह, योग्य सेंटर बोल्टने, तर ठेवा. पण मग त्या उंचीचे शॉकअप घ्यावेच लागतील. काढा किंवा ठेवा, पण ठरवा आधी. शॉकअप घेतल्यावर पाटे काढायचे ठरवलं तर सगळी मापं पुन्हा बदलतात. यू-बोल्ट एकदा सोडले की नवे घाला. ते ताणून बसतात, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत.

माप घ्यायचं तरी कसं?

तीन मापं लागतात. गाडी उभी असताना, चाक पूर्ण वर गेल्यावर आणि चाक पूर्ण खाली लटकल्यावर. तिन्ही वेळा वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिलीमीटरमध्ये.

उभ्या गाडीचं माप सोपं. गाडी रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर, सपाट जागा. समजा ४२० मिमी आलं.

लटकत्या चाकाचं माप घ्यायला चेसी भक्कम स्टँडवर घ्या, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडवा आणि ट्रॉली जॅकवर एक्सल हळूहळू खाली उतरवा. ब्रेकच्या रबरी पाइपवर सतत डोळा ठेवा. तो ताणायला लागला तर तिथेच थांबा. ती गाडीची खरी मर्यादा आहे आणि आधी लांब पाइप लावावा लागेल. समजा एक्सल पूर्ण लटकल्यावर ५०५ मिमी आलं.

चाक पूर्ण वर नेणं घरी जमत नाही, पाटे तेवढे दबत नाहीत. म्हणून हिशोब करा. एक्सल आणि वरचा रबरी बफर यांच्यातलं अंतर मोजा, समजा ७० मिमी. जोरात आदळल्यावर रबरही थोडं दबतं, त्याचे २० धरा. म्हणजे एक्सल ९० मिमी वर जाऊ शकतो. शॉकअप तिरका बसलेला असेल तर तो तेवढा दबत नाही. उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कलला असेल तर ९० मिमीला तो ७८ च्या आसपास दबतो. आपण ८० धरू. ४२० वजा ८० म्हणजे ३४०.

आता दोन्हीकडे थोडी मोकळीक ठेवायची, १५-१५ मिमी. म्हणजे आपल्याला हवाय असा शॉकअप जो पूर्ण दाबल्यावर ३२५ किंवा त्याहून लहान होतो आणि पूर्ण ओढल्यावर ५२० किंवा त्याहून मोठा. हे दोन आकडे कागदावर लिहून दुकानात जा.

या दोन्हीत दाबलेल्या लांबीचा आकडा जास्त महत्त्वाचा. शॉकअप रबरी बफरच्या आधी तळाला लागला तर धक्का थेट पिस्टनवर आणि ब्रॅकेटवर येतो. बफर तुटून पडला असेल तर आधी नवा बसवा. बफर नसलेल्या गाडीला कुठलाच शॉकअप टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. माल भरल्यावर मागची बाजू पाच-सहा सेंटीमीटर खाली बसते. वरच्या उदाहरणात ४२० चे ३६५ झाले तरी ३२५ पर्यंत चाळीस मिमी शिल्लक राहतात. म्हणून रिकाम्या गाडीत दबायला भरपूर जागा उरेल असाच शॉकअप निवडा. लांब शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप, असं नसतं.

लांबीशिवाय काय जुळवायचं?

दोन्ही टोकं. वर डोळा आहे की पिन (आटे असलेला सरळ दांडा)? खाली? डोळ्याच्या बुशचं (आत बसवलेल्या रबर आणि नळीचं) भोक किती मिलीमीटरचं, बुश किती रुंद, हे व्हर्नियरने मोजा. १२ च्या बोल्टवर १४ चा बुश बसवला की पहिल्या दिवसापासून खडखड सुरू. पातळ पत्रा गुंडाळून ती पोकळी भरतात, तसं करू नका. नळीची जाडीही बघा. जाड नळीचा शॉकअप कधी कधी पाट्याला, ब्रेकच्या पाइपला किंवा टायरला घासतो.

तेलाचा घ्यावा की गॅसचा? आणि 'हेवी ड्यूटी'?

गॅसच्या शॉकअपमध्येही तेल असतंच, सोबत नायट्रोजन भरलेला असतो. सलग खड्ड्यांत तेलाला फेस येतो आणि फेसातून पिस्टन सहज सरकतो. नायट्रोजनच्या दाबामुळे तो फेस कमी होतो. घाटात आणि कच्च्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला कमी दाबाचा गॅस शॉकअप चांगला, माझा अनुभव तसा आहे. फक्त शेतावर आणि गावात फिरणाऱ्या गाडीला साधा तेलाचा पुरतो.

कडक शॉकअपचा मोह मात्र टाळा. शॉकअप पाट्यांच्या ताकदीला जुळायला हवा. पाटे वाढवलेले असतील तर ते दबल्यावर जोरात उसळतात आणि ती उसळी धरायला थोडा जास्त ताकदीचा शॉकअप लागतो. पाटे मूळचे असतील तर मूळच्याच ताकदीचा घ्या. जास्त कडक घेतला तर रिकामी गाडी दगडासारखी आदळते आणि ब्रॅकेट फुटतात.

कंपनीचं म्हणाल तर नाव असलेल्या कुठल्याही उत्पादकाचा घ्या, फक्त त्यांच्या यादीत दाबलेली आणि ओढलेली लांबी लिहिलेली असावी. गॅब्रिएलचा कारखाना आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला आहे, त्यामुळे चाकण ते नाशिक पट्ट्यात त्यांचा माल सहज मिळतो. खोक्यावरची छपाई आणि नळीवरचा नंबर जुळतोय का ते बघा आणि पक्कं बिल घ्या.

एकच गळतोय. एकच बदलला तर?

एका एक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना असेल तर दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेळी टेकतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. मागचे आता आणि पुढचे दोन महिन्यांनी, हे चालेल. डावा आता आणि उजवा नंतर, हे चालणार नाही.

जुन्या बाजारात शॉकअप भरून मिळतात. घ्यावेत का?

नाही. ते नळीला भोक पाडून किंवा तोंड उघडून हाताशी असेल ते तेल भरतात आणि वरून रंग मारतात. झिजलेली झडप आणि सील तसंच राहतं. काही दिवस ठीक वाटतं. माल आणि माणसं घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला हे नको.

बोल्ट गंजून एकजीव झालेत. काय करू?

आदल्या दिवशी संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, मग सोडवायच्या. गंजाची पकड अशी लवकर सुटते. पिनच्या शॉकअपमध्ये नट फिरवताना दांडाच फिरत असेल तर दांड्याच्या टोकाला चपटी जागा असते, तिथे दुसरा पाना धरा.

तरीही निघालं नाही तर ग्राइंडरने नट उभा कापा. ब्रॅकेटच्या पिनवर बुशची आतली नळी चिकटून बसली असेल तर नळीवर लांबीने खाच पाडा आणि छिन्नीने उघडा, पिनला इजा न करता. गॅस कटर शॉकअपच्या नळीजवळ नेऊ नका. आत दाबाखालचा वायू आणि तेल आहे, ती नळी तापली तर फुटते. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइपही जवळच असतात. पाण्याची बादली आणि एक माणूस सोबत ठेवा.

बसवताना कुठे चुका होतात?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाक हवेत असतानाच डोळ्याचे बोल्ट पूर्ण आवळणं. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी उंच असताना आवळलं तर ते त्याच स्थितीत जखडतं. मग गाडी खाली उतरवली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा हलवा आणि मग आवळा. पाट्यांच्या आणि शॅकलच्या रबरी बुशांनाही हाच नियम.

बसवण्याआधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. खोक्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आत हवा भलत्या जागी गेलेली असते. पंप केल्यावर ती वर जाते आणि शॉकअप एकसारखा चालतो.

पिनच्या टोकाचा नट किती आवळायचा? रबर वॉशरच्या कडेएवढं फुगेपर्यंत. त्यापुढे आवळलं तर रबर चिरडतं आणि पिन मोडते. दांड्याला पकड किंवा व्हाइस ग्रिप लावू नका. एक ओरखडासुद्धा सील खातो.

शॉकअप बदलतोय, मग ब्रेकचा काय संबंध?

उंची बदललेल्या गाडीत फार जवळचा संबंध आहे आणि मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जाते. माल भरल्यावर चेसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत.

आता पाटे वाढवून गाडी उंच केली. व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे. पूर्ण माल भरला तरी मागचे ब्रेक कमीच लागतात. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि कसाऱ्यासारख्या घाटाच्या उतारावर ते तापतात. काही ठिकाणी मी ही दांडी काढून तारेने वर बांधलेली पाहिली आहे. ती तशी दिसली तर शॉकअपच्या आधी ते काम करून घ्या. गाडीची उंची एकदा पक्की झाली की ब्रेकच्या माहीतगार मेस्त्रीकडून व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे लावून घ्या.

उंची बदलली की प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो. साठ-सत्तरच्या वेगाला खालून घरघर येत असेल तर जोड आणि मधलं बेअरिंग तपासा.

घरी करता येईल का?

पाने, भक्कम जॅकस्टँड आणि सपाट पक्की जागा असेल तर मागचे शॉकअप घरी बदलता येतात. विटांवर, लाकडाच्या ओंडक्यावर किंवा फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. पुढे कॉइल असेल आणि शॉकअप कॉइलच्या आतून जात असेल, तर खालचा हात जॅकने धरल्याशिवाय काहीही सोडू नका. तिथे शंका असेल तर मेस्त्रीकडे जा. टॉर्शन बारला अंदाजाने हात लावू नका.

या बदलांमुळे पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) अडचण येते का?

येऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल करता येत नाही. झिजलेल्या शॉकअपच्या जागी नवा बसवणं ही साधी दुरुस्ती आहे. पण पाटे वाढवल्याने गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेवढंच राहतं. कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावी लागते, तेव्हा एक बाजू उंच, तुटका पाटा, गळका शॉकअप या गोष्टी नजरेत येतातच.

नवे बसवले, तरी खडखड येते. आता?

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, विशेषतः यू-बोल्ट सोडले असतील तर. मग एका माणसाला हौद्याच्या कडेवर उभं राहून हलवायला सांगा आणि तुम्ही खाली, चाकांवर उभ्या गाडीजवळ, एकेका जोडावर बोटं ठेवून बघा. आवाज कानाला फसवतो, बोटांना कमी फसवतो. शॅकलचे बुश आणि पिना सगळ्यात आधी बघा, नंतर पाट्यांच्या क्लिपा, नंतर सायलेन्सरचे हँगर. माझ्या गाडीत शेवटी निघालं काय, तर स्टेपनीचा ढिला झालेला नट.

खडखड नाही पण गाडी उडतेच, असं असेल तर टायरची हवा मोजा. मालासाठी भरलेली जास्तीची हवा रिकाम्या गाडीत तशीच राहिली असेल तर कुठलाही शॉकअप तिला शांत करू शकत नाही. हवा बरोबर असेल तर पुन्हा टेप घेऊन खाली जा. दांड्यावर ग्रीसचं एक बारीक वर्तुळ काढा, नेहमीच्या रस्त्यावरून माल घेऊन एक फेरी मारा आणि ते वर्तुळ कुठपर्यंत पुसलं गेलंय ते बघा. धूळ-टोपी असलेल्या शॉकअपला हे करता येत नाही, तिथे बफरवर खडूची रेघ ओढून तो टेकतोय का ते बघायचं. वर्तुळ पार टोकापर्यंत पुसलं गेलं असेल तर शॉकअप तळाला लागतोय आणि दाबलेल्या लांबीचा हिशोब कुठेतरी चुकलाय. माझं पहिल्यांदा असंच झालं होतं, मी बफरचं रबर दबतं हे धरलंच नव्हतं.